निवृत्तांच्या वसाहतीतील बंगली : बागेआधी करारनामा पाहावा

मुले नोकरीनिमित्त परगावी वा परदेशी, मोठ्या घरात दोघेच, जिन्याची चढउतार गुडघ्यांना न पेलणारी आणि कामवाली बाई आली नाही की अवघा दिवस विस्कटलेला! मध्यमवर्गीय मराठी कुटुंबांना हे चित्र आता नवे राहिलेले नाही. २०११ च्या जनगणनेनुसार देशात साठी ओलांडलेल्यांची संख्या दहा कोटींहून अधिक होती. त्यांपैकी ज्यांची प्रकृती धडधाकट आहे आणि हाताशी थोडीफार पुंजी आहे, अशांपुढे निवृत्तांच्या वसाहतीत स्वतंत्र घर घेऊन राहण्याचा पर्याय गेल्या पंचवीस वर्षांत खुला झाला आहे. पुण्यातील ‘अथश्री’, नेरळची ‘डिग्निटी लाइफस्टाइल’ ही त्याची परिचित उदाहरणे. मात्र हा निर्णय आयुष्यभराच्या बचतीशी निगडित असल्याने तो घेण्यापूर्वी त्याचे स्वरूप नीट समजून घेणे आवश्यक ठरते.

वृद्धाश्रम नव्हे, रुग्णालयही नव्हे

ही संकल्पना मूळची अमेरिकेतील. अॅरिझोना राज्यात १९६० साली ‘सन सिटी’ ही केवळ निवृत्तांसाठी आखलेली वसाहत खुली झाली आणि या कल्पनेला मोठी चालना मिळाली. अशा वसाहतीत प्रत्येकाची स्वतंत्र बंगली वा सदनिका असते. स्वयंपाकघर, पाहुण्यांची ये-जा, दाराची किल्ली सारे आपल्या हाती. सामायिक भोजनगृह, साफसफाई, बागकाम, सुरक्षारक्षक आणि तातडीच्या प्रसंगी मदतीला येणारा कर्मचारी या सोयी व्यवस्थापन पुरवते.

येथे ‘स्वतंत्र’ हा शब्द कळीचा आहे. आपली दैनंदिन कामे स्वतः करू शकणाऱ्यांसाठी ही व्यवस्था असते. अंघोळ घालणे, भरवणे, रात्री उशाशी बसणे ही शुश्रूषा तिच्यात सहसा अंतर्भूत नसते. माहितीपत्रकातील ‘वैद्यकीय सुविधा’ या दोन शब्दांचा अर्थ एखाद्या ठिकाणी आठवड्यातून एकदा येणारे डॉक्टर एवढाच असू शकतो, तर दुसरीकडे चोवीस तास परिचारिका उपलब्ध असू शकते. म्हणून नेमके काय मिळणार, हे लेखी विचारून घ्यावे.

मालकी की केवळ वास्तव्याचा हक्क?

अशी घरे प्रामुख्याने दोन पद्धतींनी दिली जातात. पहिल्या पद्धतीत घर विकत घेतले जाते. मुद्रांक शुल्क भरून खरेदीखत नोंदवले जाते आणि घर वारसांकडे जाते. परंतु वारसाचे वय वसाहतीच्या अटीत बसत नसेल तर त्याला तेथे राहता येईलच असे नाही. घर विकायचे झाल्यास ग्राहकही ज्येष्ठांमधूनच शोधावा लागतो. दुसऱ्या पद्धतीत मोठी अनामत रक्कम भरून हयातभर राहण्याचा हक्क मिळतो, मालकी संस्थेकडेच राहते. अनामतीतून दरवर्षी किती वजावट होणार, घर सोडल्यास अथवा मृत्यूनंतर उर्वरित रक्कम किती दिवसांत व कोणाला परत मिळणार, हे करारात स्पष्ट असावयास हवे. पती-पत्नी दोघांची नावे करारात असणे तर अत्यावश्यक. एकाच्या पश्चात दुसऱ्याला नव्याने अनामत भरावी लागू नये.

बांधकाम चालू असलेल्या प्रकल्पात घर विकत घेताना रेरा कायद्याचे संरक्षण मिळते. विक्रीकरार नोंदवण्यापूर्वी किमतीच्या १० टक्क्यांहून अधिक रक्कम विकासकाला घेता येत नाही. बंगल्यांचे प्रकल्प बहुधा शहराबाहेर असतात. तेथे सात-बारा उतारा व बिनशेती परवानगी वकिलाकडून तपासून घ्यावी.

महिन्याचा खर्च वाढतच जाणार

घराच्या किमतीकडे सर्वांचे लक्ष जाते. दरमहा द्यावयाच्या रकमेकडे मात्र पुरेसे जात नाही. उदाहरणादाखल, आज देखभाल व भोजन मिळून महिना २५ हजार रुपये खर्च येतो आणि तो दरवर्षी ७ टक्क्यांनी वाढतो असे धरल्यास दहा वर्षांनी तो ४९ हजारांवर जातो. वीस वर्षांनी ९६ हजारांवर. सत्तरीत राहायला गेलेल्या जोडप्यापैकी एकाला तरी नव्वदीपर्यंतची तजवीज करावी लागेल. निवृत्तिवेतन वा ठेवींचे व्याज त्या प्रमाणात वाढणार आहे का, याचा हिशेब आधी मांडावा. दोघांपैकी एक गेल्यावर भोजनखर्च निम्मा होतो. देखभालखर्च होत नाही.

हातपाय थकल्यावर काय?

करारनाम्यातील सर्वांत महत्त्वाचे कलम हेच. विस्मरणाचा आजार जडला, पक्षाघात झाला, तर रहिवाशाला तेथे राहता येईल का? खासगी परिचारिका वा पूर्णवेळ बाई ठेवण्यास परवानगी आहे का? आवारातच शुश्रूषा विभाग असल्यास तेथे जागा मिळण्याची हमी आहे की केवळ प्रतीक्षायादी? आणि ‘आता तुम्हाला येथे स्वतंत्र राहता येणार नाही’ हे ठरवणार कोण : डॉक्टर, कुटुंबीय की व्यवस्थापक? याची उत्तरे करारात नसतील, तर ऐंशीव्या वर्षी पुन्हा घर शोधण्याची वेळ येऊ शकते.

घराची रचनाही त्याच दृष्टीने पाहावी. महाराष्ट्र स्थावर संपदा नियामक प्राधिकरणाने (महारेरा) मे २०२४ मध्ये ज्येष्ठांच्या गृहप्रकल्पांसाठी किमान निकष जाहीर केले. दरवाजे किमान ९०० मिलिमीटर रुंद, चाकाच्या खुर्चीला अडथळा न होणारी रचना, जिन्याच्या दोन्ही बाजूंना आधाराचे कठडे, स्नानगृहात न घसरणाऱ्या फरशा व धरावयाचे दांडे, स्वयंपाकघरात गॅसगळतीची सूचना देणारे यंत्र या बाबींचा त्यात समावेश आहे. त्यांचा उल्लेख विक्रीकरारातही असावा लागतो. जुन्या वसाहतीत घर घेणाऱ्यांनी हीच यादी हाती घेऊन पाहणी करावी.

जुने घर लगेच विकू नये

शक्य असल्यास आधी महिनाभर, तोही पावसाळ्यात, वसाहतीतील पाहुण्यांच्या खोलीत वा भाड्याने राहून पाहावे. वीज किती वेळ जाते, रात्री घंटा वाजवल्यावर किती मिनिटांत कोण येते, रुग्णवाहिकेला मोठे रुग्णालय गाठायला किती वेळ लागतो, भोजनगृहातील चव मानवते का, हे विक्री प्रतिनिधी सांगत नाही, शेजारी सांगतात. तोवर जुने घर कुलूप लावून ठेवावे वा भाड्याने द्यावे.

घर विकायचेच ठरल्यास एक बाब लक्षात घ्यावी. दीर्घ मुदतीच्या भांडवली नफ्यावरील करातून मिळणारी सूट ठरावीक मुदतीत दुसरे घर खरेदी केल्यास मिळते. अनामत भरून मिळवलेला वास्तव्याचा हक्क म्हणजे घरखरेदी नव्हे. तेव्हा चार्टर्ड अकाउंटंटचा सल्ला विक्रीपूर्वीच घ्यावा. घर मुलांच्या नावे बक्षीसपत्राने करावयाचे असल्यास सांभाळ करण्याची अट त्यात लिहावी. मुलांनी ती न पाळल्यास २००७ च्या आई-वडील व ज्येष्ठ नागरिक निर्वाह व कल्याण कायद्याच्या कलम २३ अन्वये न्यायाधिकरणाकडे दाद मागता येते.

मृत्युपत्रही याच वेळी करावे. त्यावर दोन साक्षीदारांच्या सह्या लागतात. नोंदणी सक्तीची नाही, मात्र हितावह आहे. केवळ नामनिर्देशन केल्याने वारसाहक्क निश्चित होत नाही.

मुलांशी या साऱ्याची चर्चा करताना अनेकांना संकोच वाटतो. ‘लोक काय म्हणतील’ हा प्रश्न दोन्ही पिढ्यांना छळतो. तथापि, प्रकृती ठणठणीत असताना, स्वतः चार ठिकाणे पाहून, स्वतःच्या सहीने घेतलेला निर्णय आणि एखाद्या पडण्याझडण्यानंतर इतरांनी घाईघाईने घेतलेला निर्णय यांत मोठे अंतर असते. करारातील प्रत्येक कलमाबद्दल व्यवस्थापकाला खडसावून विचारण्याची ताकद अंगी आहे, तोवरच या पर्यायाचा विचार करणे श्रेयस्कर.