तुटक्या दुव्यांना मुभा

जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेत माणसं फार काळ टिकत नसत. देशोदेशींचे शास्त्रज्ञ यायचे, दोनेक वर्षं राबायचे आणि परतायचे. कुठला प्रोग्रॅम कोणी, कशासाठी लिहिला, हे ज्ञानही त्यांच्याबरोबर निघून जायचं. मार्च १९८९मध्ये टिम बर्नर्स-ली यांनी वरिष्ठांपुढे वेबचा जो प्रस्ताव ठेवला, त्याचं मूळ या निव्वळ कचेरीतल्या अडचणीत होतं. जग जोडण्याची भाषा नंतरची. वरिष्ठ माइक सेंडल यांनी त्यावर ‘मोघम, पण रोचक’ अशा अर्थाचा शेरा मारला. पुढच्या वर्षी ‘नेक्स्ट’ संगणक घ्यायला परवानगीही त्यांनीच दिली.

दुव्यांनी जोडलेल्या मजकुराची कल्पना नवी नव्हती. व्हॅनिव्हर बुश यांनी १९४५मध्येच संदर्भांच्या वाटा जोडणाऱ्या यंत्राचं चित्र रंगवलं होतं. ‘हायपरटेक्स्ट’ हा शब्द टेड नेल्सन यांचा, १९६५चा. नेल्सन यांच्या ‘झॅनाडू’ प्रकल्पात दुवा दोन्ही बाजूंनी चालणार होता, कधीच तुटणार नव्हता, आणि उतारा वापरला की मूळ लेखकाला मोबदला मिळणार होता. सुरेख आराखडा! पण तो दशकानुदशकं पुरा होईना.

बर्नर्स-ली यांनी हे सगळं सोडून दिलं. स्वामित्वहक्क आणि माहितीची सुरक्षा हे प्रश्न सर्नमध्ये दुय्यम आहेत, असं प्रस्तावातच म्हटलेलं आहे. दुवा एकतर्फी. ज्या पानाकडे तो जातो, त्याला पत्ताही नसतो. मध्यवर्ती नोंदवही नाही, म्हणून कोणाची परवानगी लागत नाही. आणि म्हणूनच पान हलवलं की दुवा तुटतो. ‘४०४’ हा वैतागवाणा आकडा याच सवलतीची किंमत. माझ्या मते इतका फायद्याचा सौदा संगणकाच्या इतिहासात क्वचितच झाला असेल.

यंत्रणाही तशीच काटकसरी. पानं मागवण्याच्या सुरुवातीच्या नियमावलीत, म्हणजे एचटीटीपीत, मागणी एका ओळीची असे: ‘गेट’ हा शब्द आणि पुढे पानाचा पत्ता. सर्व्हर पान पाठवायचा, जोडणी तोडायचा आणि मागणारा कोण होता हे विसरायचा. १९९० संपता संपता पहिला सर्व्हर बर्नर्स-ली यांच्याच नेक्स्टवर सुरू झाला. बंद करू नका, अशी लाल शाईतली तंबी त्याच्यावर चिकटवलेली असे.

त्या यंत्रावरच्या पहिल्या ब्राउझरमध्ये पान वाचता वाचता लिहिताही यायचं. पण नेक्स्ट होते किती जणांकडे? निकोला पेलो या विद्यार्थिनीनं साध्या टर्मिनलवर चालणारा ब्राउझर लिहिला: नुसता मजकूर, दुव्यांना क्रमांक, हवा तो आकडा दाबायचा. प्रसाराला हे उपकारक ठरलं, सर्नची टेलिफोन डिरेक्टरी त्यावर आल्यावर तर विशेषच. लेखन मात्र मागे पडलं.

विद्वानांचं अगत्य बेताचंच होतं. १९९१च्या सॅन अँटोनियोच्या हायपरटेक्स्ट परिषदेनं वेबवरचा निबंध नाकारून प्रात्यक्षिकापुरती जागा दिली. वेबचा खरा प्रतिस्पर्धी होता इंटरनेटवरची माहिती शोधून देणारा मिनेसोटा विद्यापीठाचा ‘गोफर’. १९९३च्या आरंभी विद्यापीठानं काही वापरासाठी शुल्काची भाषा केली आणि लोक बिचकले. ३० एप्रिलला सर्ननं वेबचं सॉफ्टवेअर सर्वांना खुलं केलं. त्याच वर्षी मजकुरातच चित्रं दाखवणारा ‘मोझेक’ ब्राउझर आला आणि वेब घरोघरी निघालं.

मोझेक पानं दाखवायचा, लिहू द्यायचा नाही. दुवे तुटले याची मला खंत नाही. लेखणी वाचकाच्या हातून गेली, याची आहे. वाचकाला पान तिथल्या तिथे बदलू देणारं वॉर्ड कनिंगहॅम यांचं विकी यायला १९९५ उजाडलं, आणि तीही फॉर्ममध्ये मजकूर भरून सर्व्हरकडे पाठवण्याची तडजोडच होती.