मेढ गेलेलं घर

२५ जुलै २०२३ला पॅट्रिस बर्जरॉन निवृत्त झाला. त्याच्यामागोमाग तीन आठवड्यांच्या आत डेव्हिड क्रेचीही थांबला. बोस्टन ब्रुइन्स या आइस हॉकी संघाचे दोन सेंटर एकाच उन्हाळ्यात गेले आणि २०२४-२५च्या हंगामात संघ आपल्या गटात तळाला जाऊन बसला. ८२ सामन्यांत अवघे ३३ विजय. त्यात ७ मार्च २०२५ला चार्ली कॉयलची कोलोरॅडोला रवानगी झाली. तो इथल्याच वेमथ गावचा सेंटर. त्याच दिवशी कर्णधार ब्रॅड मार्शँड फ्लोरिडाला गेला आणि सगळं शहर त्याच्यासाठी हळहळलं. मला मात्र कॉयलचं जाणं जास्त लागलं. जुन्या घराची मधली मेढ एकदा हलली की आढ्याचं काय होतं, ते आम्ही त्या दोन वर्षांत बघितलंच.

आइस हॉकीत विंगर आपापली कड सांभाळतो, सेंटरला मात्र सगळं मैदान धावावं लागतं. पक (खेळायची चकती) आपल्या गोलमागे गेला की तो तिसरा बचावपटू होतो, पक सुटला की पहिला पास घ्यायला तोच हजर असतो आणि समोरच्या गोलपुढेही तोच लागतो. खेळ थांबून पुन्हा सुरू होताना, पंच बर्फावर पक टाकतो तेव्हा, वाकून झुंजायचं काम बहुतेक वेळा त्याचंच. संघाला असे चार सेंटर लागतात. पहिल्या दोघांनी गोल घडवायचे, तिसऱ्याने समोरच्याचे हुकमी खेळाडू जखडायचे, चौथ्याने आपला गडी शिक्षेवर बाहेर बसला असताना किल्ला लढवायचा. बर्जरॉन ही सगळी कामं एकटा करायचा.

फिल एस्पोझिटोने १९७०-७१ साली ७६ गोल केले, त्याच्या गोष्टी इथले म्हातारे अजून सांगतात. तो काळ मी पाहिलेला नाही. नोव्हेंबर २००५ मध्ये ब्रुइन्सने जो थॉर्नटन हा आपला सर्वोत्तम सेंटर सॅन होजेला देऊन टाकला आणि त्याच हंगामात तो लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला, हेही मी नंतर वाचलं. माझं हॉकीचं दशक सुरू झालं २०१० साली, मी मॉल्डनला राहायला आलो तेव्हा. तिथून ऑरेंज लाइनची गाडी थेट ब्रुइन्सच्या गार्डन या रिंगणाच्या खाली, नॉर्थ स्टेशनला येते.

पुढच्या नऊ वर्षांत संघ तीनदा अंतिम फेरीत गेला. २०११ साली व्हँकुव्हरला सातव्या सामन्यात ४-० हरवून चषक आणला, तेव्हा बर्जरॉनचे दोन गोल होते. त्या प्लेऑफमध्ये सगळ्या लीगमध्ये सर्वाधिक गुण क्रेचीचे होते, आणि २०१३ सालीही त्याचेच. क्रेची वेग कमी करून खेळायचा. सगळे धावत असताना तो पक धरून क्षणभर थांबायचा आणि तेवढ्यात वाट उघडायची.

२०१३ मनातून जात नाही. बोस्टन मॅरेथॉनमधल्या स्फोटांना महिनाही झाला नव्हता. १३ मे रोजी टोरंटोविरुद्धच्या सातव्या सामन्यात शेवटच्या अकरा मिनिटांपर्यंत आम्ही १-४ मागे होतो. ५१ सेकंद उरले असताना बर्जरॉनने बरोबरी केली आणि जादा वेळेत विजयी गोलही त्याचाच. ५ जूनला पिट्सबर्गविरुद्ध चौथ्या फळीचा सेंटर ग्रेगरी कॅम्पबेल माल्किनच्या फटक्यासमोर आडवा झाला. पायाचं हाड मोडलं, तरी जवळजवळ मिनिटभर तो एका पायावर बर्फावर उभा राहिला. तो सामनाही दुसऱ्या जादा सत्रात बर्जरॉननेच जिंकून दिला. मग २४ जून. अंतिम फेरीत शिकागोविरुद्ध ७६ सेकंद उरले असताना आम्ही २-१ पुढे होतो आणि १७ सेकंदांत दोन गोल खाल्ले. बर्जरॉन ती रात्र मोडलेली बरगडी आणि निखळलेला खांदा घेऊन खेळला. नंतर कळलं, फुप्फुसालाही भोक पडलं होतं.

त्याच्या गोलांची संख्या दाखवून ‘हा कसला तारा?’ म्हणणारे तेव्हा ऑफिसात पुष्कळ होते. बचावात्मक खेळासाठी आघाडीपटूला दिला जाणारा सेल्की पुरस्कार त्याला सहा वेळा मिळाला. त्याआधीचा विक्रम बॉब गेनीचा, चार वेळांचा. शेवटच्या दोन हंगामांत पक टाकल्यावर तो १०० पैकी ६०हून अधिक वेळा जिंकत होता. म्हणजे तितक्या वेळा खेळ सुरू होताना पक आमच्याकडे असायचा. हा हिशेब मी त्यांना तेव्हाच मांडायला हवा होता.

संघाच्या कारभाऱ्यांवरचा माझा राग मात्र आजही तसाच आहे. २०१५च्या नव्या खेळाडूंच्या निवडीत त्यांच्या हाती १३, १४ आणि १५ असे सलग तीन क्रमांक होते. त्यांनी एक बचावपटू आणि दोन विंगर घेतले. सोळाव्या क्रमांकावर न्यूयॉर्क आयलंडर्सने मॅथ्यू बार्झल हा सेंटर उचलला आणि २०१८ साली तो सर्वोत्तम नवोदित ठरला. बर्जरॉन २०१५ साली तीस वर्षांचा होत होता, क्रेची एकोणतिशीत. वारस तयार करायची वेळ तीच होती. हे दोघेही विकत आणलेले नव्हते. एक २००३ साली ४५वा, दुसरा २००४ साली ६३वा निवडलेला. त्यांना इथेच वाढवलं, दुखापतींत सांभाळलं, चुका करू दिल्या. आता मोठी रक्कम मोजून बाहेरून सेंटर आणला जातो आणि पहिल्याच वर्षी त्याच्याकडून बर्जरॉनची अपेक्षा धरली जाते. माणूस असा रुजत नाही.

जून २०२५मध्ये मार्को स्टर्म प्रशिक्षक झाला. थॉर्नटनच्या बदल्यात आलेल्यांपैकी तो एक. त्याच महिन्यात सातव्या क्रमांकावर बोस्टन कॉलेजचा जेम्स हेगन्स निवडला गेला. सेंटर, तेव्हा अठरा वर्षांचा. बर्जरॉनही अठराव्या वर्षीच पहिला सामना खेळला होता. हेगन्सचे गोल मोजायला शहर टपून बसेल. मी वरच्या रांगेतून एवढंच बघणार आहे, की पक आपल्या गोलमागे गेला तेव्हा हा पोरगा कुठे उभा आहे.