उष्टावणाचा घास : काही गैरसमज आणि वस्तुस्थिती

पनवेल तालुक्यातील रोडपाली हे गाव आज कळंबोलीच्या वसाहतीला लागून महानगरपालिकेच्या हद्दीत आहे. अशा गावांत बाळाच्या पहिल्या घासाविषयी आजीची परंपरा, शेजारणीचा सल्ला आणि दुकानातील डबा असे तीन अधिकार एकाच वेळी पुढे येतात, आणि त्यांतील ग्राह्य काय व त्याज्य काय याचा निवाडा आईला एकटीने करावा लागतो. तो सुकर व्हावा, हा या लेखाचा हेतू.

गैरसमज : मुलीचे उष्टावण पाचव्या महिन्यात, मुलाचे सहाव्या किंवा आठव्यात.
वस्तुस्थिती : सम-विषम महिन्यांची ही विभागणी संस्कारविधीची आहे, शरीराची नव्हे. पहिले 180 दिवस केवळ आईचे दूध पुरते. परंतु जन्मतः साठलेले लोह त्या सुमारास संपत येते आणि दुधातून त्याची भरपाई होत नाही, म्हणून मुलगा असो वा मुलगी, सहा महिने पूर्ण होताच वरचे अन्न सुरू व्हावे. समारंभाचा मुहूर्त सोयीने मुक्रर करावा. अन्नाचा लांबवू नये.

गैरसमज : आरंभी डाळीचे पाणी आणि पातळ पेजच पचते.
वस्तुस्थिती : सात-आठ किलो वजनाच्या मुलाच्या जठरात एका वेळी जेमतेम वाटीभर अन्न मावते. ती वाटी पाण्यानेच भरली, तर सहा ते आठ महिन्यांच्या बाळाला दुधाखेरीज रोज लागणाऱ्या सुमारे 200 किलोकॅलरी मिळाव्यात कोठून? यासाठी डाळ-तांदळाची मऊ खिचडी किंवा नाचणीचे सत्त्व, वर चमचाभर तूप घालून, चमच्यावरून ओघळणार नाही इतके घट्ट असावे. आरंभी दिवसातून दोन-तीन वेळा, नवव्या महिन्यापासून तीन-चार वेळा.

गैरसमज : मासळी आणि अंडे वर्षाच्या आत बाधते.
वस्तुस्थिती : 2019–21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातील पाच वर्षांखालील सुमारे 69 टक्के बालके रक्तक्षयी आढळली; अशा वेळी लोह देणारे अन्न टाळणे परवडत नाही. ज्या खाड्यांच्या मुलखात मासळी नित्याची, तेथे काटे काळजीपूर्वक काढून कुस्करलेला शिजवलेला मासा किंवा पूर्ण उकडलेले अंडे सहा महिन्यांनंतर वर्ज्य करण्याचे कारण नाही. विलंबाने ॲलर्जी टळते, असा पुरावाही नाही. मात्र अखंड शेंगदाणे घशात अडकतात, म्हणून ते कदापि देऊ नयेत.

गैरसमज : मध चाटवल्याने बाळ बाळसे धरते.
वस्तुस्थिती : मधातील जिवाणूंच्या बीजाणूंमुळे वर्षाखालील बाळास स्नायू लुळे करणारा प्राणघातक विकार होऊ शकतो, म्हणून त्या वयात मध पूर्णतः निषिद्ध. मीठ आणि साखरही घालू नये.

गैरसमज : डब्यातील आहार घरच्याहून श्रेष्ठ.
वस्तुस्थिती : दोन वर्षांखालील मुलांच्या अशा आहाराची जाहिरात करण्यास 1992 च्या कायद्याने, 2003 च्या दुरुस्तीसह, मज्जाव आहे. घरचे ताजे, घट्ट, वैविध्यपूर्ण अन्न आणि त्याच्या जोडीला दोन वर्षांपर्यंत व त्यानंतरही आईचे दूध, याहून अधिक काही बाळाला सहसा लागत नाही. वजन वाढत नसेल तर मात्र अंगणवाडीत किंवा डॉक्टरांकडे नेण्यास एक दिवसही दवडू नये.