गोळी घेतल्यानंतरचे दिवस

तातडीची गर्भनिरोधक गोळी कोणती? लेव्होनॉर्जेस्ट्रेल, १.५ मिलिग्रॅम, एकच मात्रा. संबंधानंतर ७२ तासांच्या आत, आणि जितकी लवकर तितकी परिणामकारक.

करते काय? स्त्रीबीज बाहेर पडणं लांबवते. गर्भ आधीच राहिला असेल तर तिचा उपयोग नाही. गर्भपाताच्या गोळ्या वेगळ्या.

शरीरात काय जाणवतं? मळमळ, डोकेदुखी, थकवा, स्तन दुखरे होणं. बहुतेकदा एक-दोन दिवसांत ओसरतं. दोन तासांच्या आत उलटी झाली तर पुन्हा मात्रा घ्यावी लागते. मध्येच थोडं रक्त दिसू शकतं. ती पाळी नव्हे, आणि गफलत नेमकी इथेच होते. खरी पाळी काही दिवस अलीकडे-पलीकडे सरकते. आठवड्याहून जास्त लांबली तर गर्भचाचणी. ओटीपोटात तीव्र कळ आली तर थेट डॉक्टरकडे.

क्षयावरचं रिफॅम्पिसिन चालू असेल तर गोळीचा असर घटतो. पाच दिवसांच्या आत बसवलेली तांबी हा तिथला पर्याय.

भारतात संततिनियमनाची सोय आली कधी? १९३० साली म्हैसूर संस्थानानं सरकारी रुग्णालयांत संततिनियमन केंद्रं काढण्याचा हुकूम दिला. मुंबईत र. धों. कर्व्यांचं केंद्र त्याआधीचं, १९२१चं. ही गोळी तेव्हा कुठेच नव्हती. भारतात डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय ती मिळू लागली २००५मध्ये.