बियांच्या नळीवरील इलेक्ट्रॉनिक पहारा

मृगाचा पाऊस पडून जमिनीस वाफसा आला, म्हणजे शेतकर्‍याच्या हातीं फार थोडे दिवस असतात. त्या दिवसांत जें बी जमिनींत पडलें, तेंच पुढें राशीस येतें; जें पडावयाचें राहिलें, त्याची भरपाई खत, पाणी वा मेहनत यांपैकीं कशानेंहि होत नाहीं. पेरणींतील सर्वांत फसवें संकट असें कीं, बी पडलें नाहीं हें त्या दिवशीं कळतच नाहीं. फणानें तास काढलेला असतो, माती सारखी झालेली असते आणि रान वरून एकसारखें दिसतें. कांहीं दिवसांनीं इतर तासांत कोंब वर येतात, तेव्हां मधली एक ओळ कोरीच राहिल्याचें ध्यानांत येतें. पण तोंवर वाफसा निघून गेलेला असतो.

जुन्या तिफणीला हें भय फारसें नव्हतें. तिला तीन फण, तीन नळ्या आणि वर एक चाडें. चाड्यावर मूठ धरणारी बाई तिफणीमागून चालत असे. दाणे तिच्या बोटांतून सुटत, चाड्याच्या भोकांतून नळींत उतरत आणि फणामागें तासांत पडत. एखाद्या नळींत माती शिरली, तर त्या भोकाशीं दाणे तुंबून राहत व तें तिला लागलीच दिसे. ती हांक मारी, बैल थांबत, काडीनें नळी मोकळी होई. बी सोडणारा हात व बी पाहणारा डोळा हीं दोन्हीं एकाच माणसाचीं होतीं.

यंत्रानें ही जोडी फोडली. इंग्लंडमध्यें जेथ्रो टल यानें १७०१ च्या सुमारास घोड्यानें ओढावयाचें पेरणीयंत्र तयार केलें. त्यांत खांचा असलेला दांडा फिरून पेटींतील बी नळींत सोडीत असे. आजच्या पुष्कळ ट्रॅक्टरी पेरणीयंत्रांतहि तत्त्व तेंच आहे. जमिनीवर टेकून फिरणारें चाक साखळीच्या योगें पेटीखालील खांचेदार चक्रें फिरवितें आणि बी मापानें खालीं सोडतें. परंतु नळींत शिरलेलें बी जमिनीपर्यंत पोंचलें कीं नाहीं, हें पाहणारें कोणी उरत नाहीं. चालकाची दृष्टि पुढें, तर सात वा नऊ नळ्या त्याच्या पाठीमागें. त्यांवर लक्ष ठेवण्यासाठीं कोठें कोठें यंत्राच्या फळीवर माणूस उभा करतात. धक्का बसून तो खालीं पडल्यास यंत्राखालीं सांपडण्याचा धोका असल्यामुळें ही रीत सर्वथा टाकून द्यावी.

एका नळीच्या बंद पडण्यानें किती हानि होते, याचा हिशेब अवघड नाहीं. सोयाबीनच्या दोन ओळींत ४५ सेंटिमीटर व ओळींतील दोन दाण्यांत ५ सेंटिमीटर अंतर धरलें, तर एका एकरांत सर्व ओळींची मिळून लांबी सुमारें ९ किलोमीटर भरते. सात फणांचें यंत्र असल्यास ट्रॅक्टरला वळणें सोडून सुमारें १,२८५ मीटर चालावें लागतें. ताशीं ४ किलोमीटर वेगानें हें काम वीस मिनिटांच्या आंत होतें. तेवढ्या अवधींत एक नळी बंद राहिली, तर सव्वा किलोमीटरहून लांब ओळ रिकामी जाते, पंचवीस हजारांहून अधिक दाणे पडावयाचे राहतात, आणि एकराचा सातवा हिस्सा, म्हणजे जवळजवळ सहा गुंठे रान, त्या हंगामापुरतें तणाच्या स्वाधीन होतें.

नळी तुंबण्याचीं कारणें साधींच असतात. ट्रॅक्टर उभा असतां यंत्र खालीं टेकविलें, किंवा फण जमिनींत असतां ट्रॅक्टर मागें घेतला, कीं नळीच्या तोंडांत ओली माती घुसते. काळ्या चिकण जमिनींत हें विशेष घडतें. जिवाणू संवर्धन लावलेलें बियाणें सावलींत नीट न सुकवितां पेटींत भरल्यास दाणे एकमेकांस चिकटतात. बियाण्यांतील काडीकचरा, वांकलेली नळी, वर्षभर पडून राहिलेल्या यंत्रांत किड्यांनीं केलेलीं घरें, हींहि कारणें आहेत. याखेरीज साखळी तुटली, किंवा चाक चिखलांत न फिरतां घसरत गेलें, तर सर्वच नळ्यांचें बी एकदम थांबतें.

हरवलेला डोळा परत बसविण्याचा प्रयत्न अमेरिकेंत मक्याच्या पेरणीयंत्रांवर झाला. इलिनॉय राज्यांत १९६६ सालीं स्थापन झालेली डिकी-जॉन ही कंपनी अशा उपकरणांसाठीं प्रसिद्ध आहे. उपकरणाचें तत्त्व सोपें आहे. नळीच्या एका बाजूस अवरक्त किरण सोडणारा बारीक दिवा व समोरच्या बाजूस ते किरण ओळखणारा घटक बसवितात. या जोडीस संवेदक अथवा सेन्सर म्हणतात. दाणा मधून गेला, कीं किरण क्षणभर अडतो आणि विजेचा एक ठोका उमटतो. हे ठोके तारेनें चालकासमोरील पेटीकडे जातात. चाकावर लहानसा लोहचुंबक व त्याजवळ दुसरा सेन्सर ठेवून यंत्राची गतिहि तिला कळवितां येते. यंत्र चालत आहे, पण अमुक नळींतून ठोके येत नाहींत, असें दिसतांच त्या नळीचा दिवा लागतो व बझर वाजतो. दाणे तुंबून सेन्सरसमोर उभे राहिले, तरीहि किरण सतत अडून ठोके थांबतात. म्हणून रिकामी नळी व तुंबलेली नळी या दोहोंचीहि सूचना मिळते.

येथें एक भेद ध्यानांत ठेवावा. वरील हिशेबानें सोयाबीनच्या एका नळींतून सेकंदास सुमारें २२ दाणे जातात. गव्हाचें बी हेक्टरीं १०० किलो, हजार दाण्यांचें वजन ४० ग्रॅम व ओळींतील अंतर २२.५ सेंटिमीटर धरल्यास, त्याच वेगानें सेकंदास ६० हून अधिक दाणे पडतात. असे दाणे दोन-दोन, तीन-तीन मिळून किरणासमोरून गेले, कीं उपकरण त्यांस एकच समजतें. तेव्हां दाट पेरणींत दाण्यांच्या आंकड्यावर विसंबूं नये. प्रवाह चालू आहे कीं बंद, एवढाच अर्थ त्यांतून घ्यावा.

सेन्सर कोठें बसवावा, यावर त्याचें यश अवलंबून असतें. नळीच्या सरळ व उभ्या भागांत, खालच्या अंगास, परंतु फणाची माती उडून पोंचणार नाहीं इतक्या उंचीवर तो असावा. फार वर बसविल्यास खालची नळी दाण्यांनीं भरून येईपर्यंत सूचना मिळत नाहीं, आणि तेवढें अंतर कोरें जातें. तारा यंत्राच्या सांगाड्यास बांधून न्याव्या. जेथें यंत्र उचलतें, तेथें त्यांस थोडी ढील ठेवावी, आणि फिरणारा दांडा व धुराडें यांपासून त्या दूर राखाव्या. वीज ट्रॅक्टरच्या १२ व्होल्टच्या बॅटरीवरून, मध्यें फ्यूज घालून घ्यावी. तारांचे जोड पाणी न शिरणारे असावे. नळ्यांस डावीकडून उजवीकडे क्रमांक घालावे व तेच क्रमांक चालकासमोरील पेटीवर असावे; नाहींतर तिसर्‍या नळीची सूचना आली असतां पांचवी नळी साफ करण्यांत वेळ जातो.

पेरणीच्या आदल्या दिवशीं यंत्र उचलून धरावें, त्याखालीं भक्कम आधार द्यावा, ट्रॅक्टर बंद करावा आणि चाक हातानें फिरवावें. प्रत्येक नळीखालीं पिशवी बांधून ठराविक फेर्‍यांत पडलेलें बी तोलावें, म्हणजे सर्व नळ्या सारखें बी सोडतात कीं नाहीं तें समजतें. नंतर एकेका नळीचें वरचें तोंड तळहातानें झांकावें. झांकलेल्या नळीचा दिवा लागून बझर वाजला, तरच त्या पहार्‍यावर भरंवसा ठेवावा.

या डोळ्यालाहि धूळ लागते. बियाण्यास चोळलेल्या औषधाची भुकटी सेन्सरवर बसते, त्याची दृष्टि मंदावते आणि बी नीट पडत असतांहि बझर वाजूं लागतो. दोन-तीन वेळां उतरून पाहिल्यावर चालक कंटाळून बझर बंद करतो, आणि नेमकी त्यानंतर नळी तुंबते. उपकरणावर खर्च करूनहि शेतकरी फसतो, तो पुष्कळदां असा. म्हणून पेटी भरतांना दर वेळीं मऊ ब्रशानें सेन्सर पुसावे.

सूचना मिळाल्यावर पुढें जातां जातां यंत्र उचलावें, ट्रॅक्टर थांबवून बंद करावा, नळी मोकळी करावी आणि त्या जागीं खूण ठेवावी. यंत्र खालीं असतां ट्रॅक्टर मागें घेऊं नये. राहिलेला तुकडा त्याच दिवशीं हातानें टोकून घ्यावा. ओल असतांना भरलेली ओळ इतर पिकाबरोबर उगवते. आठवड्यानें नांग्या भरल्यास तीं रोपें मागें राहतात.

या उपकरणाचें ज्ञान नळीपुरतेंच आहे. बी जिवंत आहे कीं नाहीं, तें त्याला ठाऊक नसतें. त्यासाठीं पेरणीपूर्वीं शंभर दाणे ओल्या गोणपाटांत ठेवून उगवण मोजावी. सोयाबीनचे सत्तरांहून कमी दाणे उगवल्यास तें बियाणें प्रमाणांत बसत नाहीं. बी किती खोल पडलें, हेंहि त्याला दिसत नाहीं. सोयाबीनला तीन ते चार सेंटिमीटर खोली पुरे असते. ती पाहण्यासाठीं पहिल्या तासांतील माती हातानेंच उकरली पाहिजे.

चाड्यावरच्या बाईनें थांबा म्हणून हांक दिली, म्हणजे तिच्याशीं वाद न घालतां बैल थांबविले जात. बझरचा तळहातानें पारखून घेतलेला शब्दहि तसाच मानला, तर कोरी ओळ कोंब येण्यापूर्वींच, वाफसा हातांत असतांना, भरून निघते.