विदूषक मासा आणि समुद्रफूल यांचे मत्स्यालयातील संगोपन

विदूषक मासा किंवा क्लाउनफिश आणि समुद्रफूल किंवा सी ॲनिमोन या दोन सागरी प्राण्यांना खाऱ्या पाण्याच्या प्रवाळ-मत्स्यालयात एकत्र ठेवण्याची पद्धत जगभर प्रचलित आहे. निसर्गात हे दोन्ही प्राणी परस्परांच्या आधाराने जगतात. मत्स्यालयात मात्र त्यांच्या गरजा सारख्या नसतात. मासा समुद्रफुलाविनाही निरोगी राहतो व प्रजनन करतो. समुद्रफूल मात्र प्रकाश, प्रवाह आणि पाण्याची शुद्धता यांबाबत अतिशय संवेदनशील असते. त्यामुळे अशा मत्स्यालयाची रचना माशाच्या नव्हे, तर समुद्रफुलाच्या गरजांवरून ठरवावी लागते.

निसर्गातील सहजीवन

विदूषक माशांच्या सुमारे ३० जाती असून त्या हिंदी व प्रशांत महासागरांच्या उष्ण भागांत आढळतात. अटलांटिक महासागरात त्या नाहीत. समुद्रफुलांच्या एक हजाराहून अधिक जातींपैकी केवळ दहाच जाती या माशांना आश्रय देतात. कथबर्ट कॉलिंगवुड या इंग्रज निसर्गअभ्यासकाने १८६८ मध्ये या सहवासाचे वर्णन प्रसिद्ध केले.

समुद्रफुलाच्या संस्पर्शकांवर दंशकोशिका असतात. विदूषक माशाच्या अंगावरील श्लेष्माच्या विशिष्ट थरामुळे त्याला दंश होत नाही. शत्रूंपासून त्याला संरक्षण मिळते आणि त्या बदल्यात तो समुद्रफुलाचे लचके तोडणाऱ्या माशांना हुसकावून लावतो. समुद्रफुलाच्या ऊतींमध्ये सूक्ष्म शैवले राहतात. ती प्रकाशसंश्लेषणाने तयार केलेल्या अन्नाचा मोठा वाटा समुद्रफुलाला पुरवतात, तर माशाने उत्सर्जित केलेला अमोनिया या शैवलांना पोषक ठरतो. अशा रीतीने हे सहजीवन दोघांचे नसून तिघांचे आहे.

जातींची निवड

मत्स्यालयात सर्वाधिक आढळणारी जाती ॲम्फिप्रिऑन ओसेलॅरिस ही होय. २००३ च्या ‘फाइंडिंग नीमो’ या चित्रपटामुळे तिचे केशरी-पांढरे रूप घरोघरी पोहोचले. समुद्रफुलांमध्ये एन्टॅक्मिया क्वाड्रिकलर ही जाती तुलनेने काटक मानली जाते. तिच्या संस्पर्शकांची टोके बुडबुड्यासारखी फुगीर असतात आणि ती विभाजनाने वाढत असल्याने मत्स्यालयातच तयार झालेले नमुने मिळू शकतात. निसर्गात ओसेलॅरिस या जातीत राहत नाही. मत्स्यालयात पुष्कळदा तिचा स्वीकार करते, परंतु तशी खात्री नसते. याउलट, ओसेलॅरिसचे नैसर्गिक आश्रयस्थान असलेली काही समुद्रफुले मीटरभर रुंद होतात व घरगुती टाकीत ती जगवणे कठीण असते.

पाणी आणि टाकी

समुद्रापासून दूरच्या ठिकाणी शुद्ध केलेल्या पाण्यात मत्स्यालयासाठीचे कृत्रिम सागरी मीठ मिसळून पाणी तयार करतात. चवीला खारट असलेले भूजल सागरी पाण्याची जागा घेऊ शकत नाही. उदाहरणार्थ, कोल्हापूर जिल्ह्यातील शिरोळ तालुक्यात अतिसिंचनामुळे बऱ्याच जमिनी क्षारपड झाल्या आहेत. पण जमिनीतील क्षारांचे परस्परप्रमाण समुद्रातील क्षारांहून वेगळे असते. खाण्याच्या मिठानेही हे काम होत नाही, कारण त्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम इत्यादी घटक योग्य प्रमाणात नसतात.

पाण्याची क्षारता दर हजार भागांत सुमारे ३५ भाग, तापमान २४ ते २७ अंश सेल्सिअस आणि सामू ८.१ ते ८.४ या दरम्यान ठेवतात. अमोनिया व नायट्राइट यांचे प्रमाण शून्य असावे लागते. नवीन टाकीत या विषारी द्रव्यांचे नायट्रेटमध्ये रूपांतर करणारे जीवाणू स्थिरावण्यास साधारणतः चार ते सहा आठवडे लागतात. त्यानंतर मासे सोडता येतात. समुद्रफूल मात्र टाकी किमान सहा महिने स्थिर राहिल्यावरच आणावे, असे अनुभवी पालक मानतात. बाष्पीभवनाने केवळ पाणी उडते, मीठ मागे राहते. म्हणून रोजची घट गोड्या शुद्ध पाण्याने भरून काढतात. महाराष्ट्रातील उन्हाळ्यात पाणी थंड ठेवण्याची व्यवस्था आणि वीज खंडित झाल्यास पर्यायी सोय आवश्यक ठरते.

प्रकाश, हालचाल आणि आहार

अपुऱ्या प्रकाशात किंवा अतिउष्ण पाण्यात समुद्रफुलातील शैवले नष्ट होतात व ते पांढरे पडते. शुभ्र समुद्रफूल आकर्षक दिसले, तरी ते वस्तुतः उपाशी असते. चिकट संस्पर्शक, घट्ट मिटलेले मुख आणि खडकाला धरून ठेवणारा पाया ही आरोग्याची लक्षणे होत.

समुद्रफूल एका जागी स्थिर राहीलच असे नाही. जागा न मानवल्यास ते सरकते, वाटेतील प्रवाळांना दंश करते आणि पंपात ओढले जाऊन फाटू शकते. मेलेले समुद्रफूल वेगाने कुजून संपूर्ण टाकीचे पाणी दूषित करते. म्हणून पंपांच्या तोंडांना जाळी किंवा स्पंज लावतात. आठवड्यातून एकदोनदा कोळंबी किंवा माशाचा लहान तुकडा त्याला पूरक आहार म्हणून पुरतो.

माशांचे प्रजनन

विदूषक मासे प्रथम नर असतात. गटातील सर्वांत मोठा मासा मादी असतो. ती मेल्यास तिचा जोडीदार नर मादीत रूपांतरित होतो. त्यामुळे दोन लहान मासे एकत्र ठेवल्यास त्यांची जोडी आपोआप तयार होते. मादी कठीण पृष्ठभागावर अंडी घालते, नर त्यांची राखण करतो आणि सुमारे आठवड्याभराने रात्री पिल्ले बाहेर पडतात. समुद्रफुलाऐवजी मातीचे मडके किंवा फरशीचा तुकडा ठेवला, तरी ही जोडी तेथे अंडी घालते.

संवर्धनाचा प्रश्न

अनुकूल परिस्थितीत समुद्रफुले दीर्घकाळ जगतात. स्कॉटलंडमध्ये १८२८ साली पकडलेले एका वेगळ्या जातीचे समुद्रफूल १८८७ पर्यंत जिवंत होते. निसर्गातून काढलेले समुद्रफूल टाकीत काही महिन्यांतच मरते, तेव्हा प्रवाळखडकावरील माशांच्या अनेक पिढ्यांचे घरही नाहीसे होते. फिलिपीन्समधील सेबू परिसरात अशा संकलनामुळे दोन्ही प्राण्यांची संख्या घटल्याचे अभ्यासात आढळले आहे.

विदूषक माशांबाबत मात्र पर्याय उपलब्ध आहे. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने त्यांच्या अनेक जातींच्या कृत्रिम प्रजननाचे तंत्र विकसित केले असून, महाराष्ट्रात ऐरोली येथील किनारी व सागरी जैवविविधता केंद्रात शोभिवंत सागरी माशांचे बीजोत्पादन केंद्र उभारले गेले आहे. भारतात खडक-निर्माते प्रवाळ हे वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत असल्याने किनाऱ्यावरून प्रवाळखडक आणणे हा गुन्हा ठरतो; मत्स्यालयासाठी कृत्रिम खडक वापरता येतो. प्रजनन केंद्रातील मासा आणि विभाजनाने वाढवलेले समुद्रफूल निवडल्यास, अथवा समुद्रफुलाविना केवळ मासेच पाळल्यास, समुद्रातील मूळ सहजीवनाला धक्का लागत नाही.