वस्तूची बाजू घेणारे चित्रकार

महामंदीत कामधंदा गेलेल्या चित्रकारांना अमेरिकी सरकारने 1935 मध्ये पगार सुरू केला. त्यातल्या काही जणांना वेगळेच काम मिळाले: देशातल्या जुन्या कारागिरीच्या वस्तू हुबेहूब रंगवायच्या. न्यूयॉर्क सार्वजनिक ग्रंथालयाच्या रोमाना जाविट्झ आणि कापडावरच्या नक्षीच्या जाणकार रूथ रीव्ह्ज यांच्या आग्रहातून हा उपक्रम उभा राहिला. नाव ‘इंडेक्स ऑफ अमेरिकन डिझाइन’. 1942 पर्यंत सुमारे 18 हजार चित्रे जमली. आज ती वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरीत आहेत.

गोधड्या, खेळणी, शेकर पंथाच्या खुर्च्या, पेनसिल्व्हेनियातल्या जर्मन घरांतल्या रंगीत पेट्या, जहाजांच्या नाळेवरच्या कोरीव मूर्ती, न्यू मेक्सिकोतले लाकडी संत. मूळ रहिवाशांची कला मात्र मुद्दाम वगळली, आणि ती उणीव मला आजही सलते.

रंगीत छायाचित्रण तेव्हा महाग होते, रंगांचा भरवसाही नव्हता. म्हणून जलरंग. बोस्टनच्या सुझॅन चॅपमन यांनी चित्रकारांना जी रीत शिकवली, ती इजिप्तमधली प्राचीन शिल्पे रंगवणाऱ्या जोसेफ लिंडन स्मिथ यांची. पांढऱ्या कागदावर एकटी वस्तू, मागे काहीही नाही. आधी मोजूनमापून रेखाटन, मग पातळ रंगाचे थरावर थर. एकेका चित्राला कित्येक आठवडे लागत. स्वतःची शैली दाखवायची नाही, हे चित्रकाराला किती जड जात असेल! तरी मला यातच त्यांची खरी प्रतिभा दिसते. कापड कुठे विरले, लाकूड कुठे हाताने गुळगुळीत झाले, हे ठरवून पाहावे लागते.

ल्यूसिल शाबो यांनी रंगवलेला गॅब्रिएल पाहा. मॅसॅच्युसेट्समधल्या न्यूबरीपोर्टच्या चर्चवर वाऱ्याची दिशा दाखवणारा हा तुतारीधारी देवदूत 1840 चा. त्याच्या पत्र्यावर ऊन-पावसाने जे जे केले, ते त्यांनी झाकले नाही. हेच चित्र 1965 मध्ये अमेरिकेच्या नाताळच्या टपाल तिकिटावर आले.

रूथ रीव्ह्ज यांचा ध्यास मात्र अमेरिकेपुरता राहिला नाही. 1956 मध्ये त्या फुलब्राइट शिष्यवृत्तीवर भारतात आल्या आणि इथल्याच होऊन राहिल्या. मेणाच्या नमुन्यावरून धातूच्या मूर्ती ओतणाऱ्या आपल्या कारागिरांवरचे त्यांचे पुस्तक 1962 मध्ये दिल्लीत प्रसिद्ध झाले.